गॉर्ड डाउनी: कॅनडाच्या घरातला गायक

२० ऑगस्ट २०१६, शनिवार. मी तेव्हा टोरंटोजवळ मिसिसागात बहिणीकडे राहायला गेले होते. संध्याकाळी समोरच्या घरातल्या गृहस्थांनी गॅरेजच्या दारावर पांढरी चादर ताणून बांधली, ओट्यावर प्रोजेक्टर ठेवला आणि बघता बघता गल्लीतली माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन जमली. अंधार पडता पडता चादरीवर एक माणूस दिसायला लागला. धातूसारखा चकाकणारा सूट, डोक्यावर पिसं खोवलेली हॅट. तो गात होता आणि त्याच्याबरोबर सगळी गल्ली गात होती, अगदी शब्दन् शब्द. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की पुढच्या खुर्चीतला साठीचा, दणकट बांध्याचा माणूस गाता गाता रडतोय, आणि डोळे पुसायचं त्याला भानच नाही.

मी बहिणीला विचारलं, "कोण गं हा?" ती म्हणाली, "गॉर्ड डाउनी. ह्याला मेंदूचा कॅन्सर आहे. हा त्याचा शेवटचा कार्यक्रम." मी लहानपणापासून इंग्रजी गाणी ऐकते. हे नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं.

त्या रात्री कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने चालू असलेलं रिओ ऑलिंपिकचं प्रक्षेपण थांबवून हा कार्यक्रम दाखवला, तोही एकही जाहिरात न घेता. सुमारे एक कोटी सतरा लाख लोकांनी तो पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या थोडी वर, म्हणजे जवळजवळ दर तिसरा माणूस तो बघत होता. आणि सीमेपलीकडे अमेरिकेत ह्याच माणसाला ओळखणारे अगदी थोडे होते. हे कोडं मला गेली कित्येक वर्षं सुटत नव्हतं. वाचून, ऐकून, तिथल्या माणसांना विचारून जे उमगलं ते इथे सांगते.

किंग्स्टनची पाच मुलं

टोरंटो आणि मॉन्ट्रियल यांच्या मधे, ऑन्टारिओ सरोवराच्या काठावर किंग्स्टन नावाचं जुनं, चुनखडीच्या दगडी इमारतींचं शहर आहे. विद्यापीठ, लष्करी महाविद्यालय आणि तुरुंग या तीन गोष्टींसाठी ते ओळखलं जातं. गॉर्ड डाउनीचा जन्म ६ फेब्रुवारी १९६४चा, किंग्स्टनला लागून असलेल्या अ‍ॅम्हर्स्टव्ह्यू गावातला. १९८४च्या सुमाराला तिथल्या काही मित्रांनी बँड काढला आणि नाव ठेवलं 'द ट्रॅजिकली हिप'. गिटारवर रॉब बेकर, बासवर गॉर्ड सिंक्लेअर, ड्रम्सवर जॉनी फे आणि गायला डाउनी. दोनेक वर्षांत दुसऱ्या गिटारसाठी पॉल लांग्लवा आला आणि मग शेवटपर्यंत हेच पाच जण राहिले. रॉकच्या दुनियेत बँड फुटतात ते बहुतेक वेळा पैशांवरून आणि 'गाणं कुणाचं' या वादावरून. यांनी लवकरच ठरवून टाकलं की गाणी पाचही जणांच्या नावावर लागतील. शब्द बहुतांशी डाउनीचे असूनही. तीस वर्षं ते टिकले, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

१९८९च्या 'अप टू हिअर' या अल्बमने त्यांचं नाव देशभर झालं. १९९२चा 'फुली कम्प्लीटली' त्याहून पुढे गेला. हे दोन्ही अल्बम कॅनडात प्रत्येकी दहा लाखांच्या वर खपले आहेत. त्या काळी पावणेतीन कोटींच्या आसपास लोकवस्ती असलेल्या देशात हा आकडा केवढा मोठा आहे ते लक्षात येईल.

शेजारी हत्ती असताना

कॅनडाचा नकाशा प्रचंड, पण माणसं बहुतेक सगळी दक्षिणेच्या काठाला, अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात राहतात. भाषा तीच. टीव्ही, रेडिओ, सिनेमा सगळं पलीकडून सहज ऐकू येतं, दिसतं. त्यामुळे १९६०च्या दशकापर्यंत कॅनडातल्या रेडिओवर कॅनडातलाच गायक लागणं ही दुर्मीळ गोष्ट होती. चांगला गाणारा असला की तो न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिसला निघून जायचा. नील यंग गेला, जोनी मिचेल गेली.

१९७१ साली सरकारच्या प्रसारण नियामक संस्थेने नियम केला: रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी तीस टक्के गाणी कॅनेडियन असली पाहिजेत. पुढे हे प्रमाण पस्तीस टक्के झालं. मग प्रश्न आला, गाणं कॅनेडियन आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी चार कसोट्या लावल्या: संगीत कुणाचं, गाणारा कोण, ध्वनिमुद्रण किंवा सादरीकरण कुठलं, आणि शब्द कुणाचे. चारांपैकी दोन ठिकाणी 'कॅनेडियन' असं उत्तर आलं की गाणं पात्र. यात गमतीशीर अडचणी आल्या. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ज्याचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' हमखास वाजतं तो ब्रायन अ‍ॅडम्स पक्का कॅनेडियन. पण १९९१च्या अल्बममधली गाणी त्याने परदेशी निर्मात्याबरोबर लिहिली, म्हणून ती नियमाप्रमाणे कॅनेडियन ठरली नाहीत! त्यावर मोठा गदारोळ झाला आणि नियमात दुरुस्ती करावी लागली.

हिप हा बँड या नियमाच्या सावलीत वाढला. नियमामुळे गाणं रेडिओवर पोचतं एवढं खरं. लोकांच्या तोंडी बसणं नियमाच्या हातात नसतं. या कोट्यातून वाजलेली शेकडो गाणी लोक विसरून गेले. हिपची विसरले नाहीत, आणि त्याचं कारण शब्दांत आहे.

तोपर्यंत कॅनडातले बहुतेक रॉक बँड गाण्यात गावाचं नाव घ्यायचं तर शिकागो, मेम्फिस, कॅलिफोर्निया असं काहीतरी घ्यायचे. कॅनडातल्या सस्काटूनचं नाव गाण्यात कोण घेणार? ऐकणाऱ्यालाही आपल्या गावाचं नाव गाण्यात शोभेल असं वाटत नसे. डाउनीनेही सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सवर गाणं केलंच, ते गाजलंही. पण त्याच अल्बममध्ये किंग्स्टनजवळच्या मिलहेवन तुरुंगातून पळालेल्या कैद्यांवर गाणं आहे. पुढे तो हॉकी, गव्हाचे प्रदेश, सरोवरात बुडालेला चित्रकार, आपल्याच देशातल्या कादंबरीतलं वाक्य हे सगळं गाण्यात आणत गेला, आणि ते समजावून सांगायच्या भानगडीत कधी पडला नाही. ज्याला कळेल त्याला कळेल. सीमेच्या अलीकडच्यांना ते कळत होतं.

हॉकीच्या कार्डामागची गोष्ट

एक गाणं जवळून बघू या. 'फिफ्टी मिशन कॅप'.

टोरंटो मेपल लीफ्स हा आईस हॉकीचा संघ. त्यांचा बिल बॅरिल्को नावाचा चोवीस वर्षांचा बचावपटू होता. २१ एप्रिल १९५१ला स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेत, मॉन्ट्रियलविरुद्ध, जादा वेळेत याने गोल मारला आणि टोरंटोने कप जिंकला. त्याच उन्हाळ्यात तो एका मित्राच्या छोट्या विमानातून उत्तरेला मासेमारीसाठी गेला आणि परतीच्या वाटेवर विमान नाहीसं झालं. शोधूनही सापडलं नाही. त्यानंतर मेपल लीफ्सना एकामागून एक वर्षं कप मिळेना. अकरा वर्षांनी, १९६२च्या एप्रिलमध्ये त्यांनी तो पुन्हा जिंकला, आणि काही आठवड्यांतच जूनमध्ये उत्तर ऑन्टारिओच्या जंगलात त्या विमानाचे अवशेष आणि बॅरिल्कोचा देह सापडला.

ही गोष्ट हॉकीच्या एका कार्डामागे छापलेली होती. लहान मुलं खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं जमवतात, तसलं. डाउनीने ती त्या कार्डावरच्या माहितीइतक्याच कोरड्या वाक्यांत गायली: अमुक साली शेवटचा गोल, तमुक साली सापडला. शोकाचा एक शब्द नाही. आणि गाण्यातला माणूस ते कार्ड आपल्या टोपीत खोचून ठेवतो. टोपी कसली, तर दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक घालायचे तसली. कैक मोहिमा करून आलेल्यांच्या टोप्या चुरगळलेल्या, मऊ पडलेल्या असत. नवखा माणूसही आपली टोपी मुद्दाम चुरगाळायचा, म्हणजे आपणही पन्नास मोहिमा करून आलोय असं वाटावं. गाण्यातला माणूस तेच करतो.

मला हे गाणं पहिल्यांदा ऐकताना काही कळलं नव्हतं. हॉकीचं गाणं आहे, लोक आरडाओरडा करतात, एवढंच. पण थांबून विचार केला तर यात किती आहे बघा. आपण पाहिलेलाही नाही असा एक तरुण खेळाडू, त्याचं मरण, ते एका स्वस्त कार्डावर छापलेलं, आणि ते टोपीत लपवून स्वतःला थोडं अनुभवी, थोडं शूर समजू पाहणारा कुणीतरी साधा माणूस. माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांनी मला सांगितलं की त्यांच्या मुलाला बॅरिल्को हे नाव शाळेने शिकवलं नाही, गाण्याने शिकवलं. ही गोष्ट मग मी अनेकांकडून ऐकली.

वीस वर्षांहून जास्त, विनाकारण

'फिफ्टी मिशन कॅप' १९९२च्या 'फुली कम्प्लीटली'मधलं. त्याच अल्बममध्ये 'व्हीट किंग्ज' आहे. सुरुवातीला लून या पाणपक्ष्याची साद ऐकू येते, मग हलकी गिटार. वाटतं, शेतांवरचं शांत गाणं असणार. पण ते आहे डेव्हिड मिलगार्डबद्दल.

१९६९मध्ये सस्काटून शहरात एका तरुण स्त्रीचा खून झाला. मिलगार्ड तेव्हा सोळा वर्षांचा, मित्रांबरोबर गावातून चाललेला मुलगा. त्याला पकडलं, वर्षभरात दोषी ठरवलं आणि जन्मठेप दिली. त्याच्या आईने, जॉइस मिलगार्डने, वर्षानुवर्षं दारोदार जाऊन लढा दिला. १९९२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या शिफारशीनंतर तो सुटला. तुरुंगात तेवीस वर्षं गेली. १९९७ला डीएनए तपासणीत तो निर्दोष असल्याचं सिद्ध झालं आणि खरा गुन्हेगार सापडला.

तारखा नीट बघा. गाणं आलं १९९२च्या शेवटी. म्हणजे मिलगार्ड सुटला होता, पण निर्दोष ठरायला अजून पाच वर्षं होती. देशातले बरेच लोक त्याच्याकडे संशयानेच बघत होते. डाउनीने त्याचं नाव गाण्यात घेतलं नाही. त्याने दाखवल्या पिवळट, करड्या भिंती आणि त्यावर टांगलेल्या जुन्या पंतप्रधानांच्या तसबिरी. सरकारी कचेरीत किंवा शाळेत आपणही अशा भिंतींखाली बसलेलो असतो. त्या तसबिरींच्या साक्षीने एका पोराचं आयुष्य गेलं, आणि गावाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, एवढंच गाणं सांगतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिपच्या कार्यक्रमांना लोक मेपलच्या पानाचे झेंडे घेऊन यायचे, बिअर पीत गळ्यात गळे घालून गायचे. त्यावरून बाहेरच्याला वाटतं, ही देशभक्तिपर गाणी असतील. गाणी तशी नाहीतच. डाउनी आपल्या देशाचे गोडवे गात नाही. तुरुंग, चुकीचा निवाडा, हरवलेलं विमान, बुडालेली माणसं हे त्याचे विषय आहेत. 'बॉबकेजन' हे त्याचं बहुधा सगळ्यात लाडकं गाणं. बॉबकेजन हे टोरंटोच्या ईशान्येला असलेलं तळ्यांकाठचं छोटं गाव. तिथल्या रात्री एकेक करून उमटणाऱ्या ताऱ्यांचं वर्णन त्यात आहे, आणि लोक त्या ओळीला डोळे मिटून गातात. पण गाणं गाणारा माणूस पोलीस आहे असं दिसतं, शहरातल्या दंगलीला आणि वंशद्वेष्ट्या टोळक्याला तोंड देऊन तो त्या गावाकडे परत जातोय. अनेक जण याचा संबंध १९३३मध्ये टोरंटोत ज्यूंविरुद्ध उसळलेल्या क्रिस्टी पिट्स दंगलीशी जोडतात. तेही सगळं त्या सुंदर चालीत आहे.

मैफलीतला डाउनी

रेकॉर्डवरचा डाउनी आणि मंचावरचा डाउनी यांत फार अंतर. मंचावर तो घामाने निथळत, हातरुमालाने चेहरा पुसत, माइकच्या स्टँडशी झटापट करत, नाचत असे. आणि गाण्याच्या मधेच थांबून बोलायला लागे.

आपल्याकडे कीर्तनकार अभंग मधेच थांबवून आख्यान लावतो, टाळ-मृदंग मंद चालू राहतात, गोष्ट कुठल्या कुठे जाते आणि मग अलगद मूळ ध्रुवपदावर येऊन मिळते. डाउनीचं तसं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या गाण्यात मधे बँड एकच ठेका धरून ठेवायचा आणि तो त्या रात्री सुचेल ती गोष्ट रचायचा. १९९१मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबात त्याने अशीच व्हेलच्या टाकीत काम करणाऱ्या माणसाची लांबलचक गोष्ट सांगितली. तिचं ध्वनिमुद्रण कॅनडातल्या रेडिओवर वाजायला लागलं आणि चाहत्यांना ते मूळ गाण्याइतकंच पाठ झालं. पुढे गाजलेल्या 'नॉटिकल डिझास्टर' आणि 'अहेड बाय अ सेंच्युरी' या गाण्यांची बीजंही अशाच मधल्या भागांत पडलेली. म्हणजे चाहता दर कार्यक्रमाला जायचा तो ऐकलेलं पुन्हा ऐकायला नव्हे. आज काहीतरी जन्माला येईल आणि आपण तिथे असू, या आशेने तो जायचा.

अमेरिकेत यश का मिळालं नाही? प्रयत्न कमी पडले असं म्हणता येणार नाही. मार्च १९९५मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या तिथल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात ते झळकले. बँडचा चाहता आणि किंग्स्टनशी जवळचा संबंध असलेला अभिनेता डॅन अ‍ॅक्रॉइड स्वतः त्यांची ओळख करून द्यायला आला. पण त्यांनी गायली ती दोन अवघड, काळोखी गाणी. एखादं उडतं, सोपं गाणं निवडलं असतं तर कदाचित चित्र बदललं असतं. त्यांनी निवडलं नाही. सीमेजवळचे कॅनेडियन चाहते मात्र डेट्रॉइट, बफेलोसारख्या अमेरिकन शहरांत त्यांना बघायला गाड्या घेऊन जायचे, कारण घरी हजारोंच्या स्टेडियममध्ये लांबून दिसणारा बँड तिथे छोट्या सभागृहात हाताच्या अंतरावर मिळायचा. 'जगाला माहीत नसलेलं आपलं काहीतरी' ही भावना यातून पक्की होत गेली.

आजार

डिसेंबर २०१५मध्ये डाउनीला फेफऱ्याचा झटका आला. तपासणीत निदान झालं ग्लिओब्लास्टोमाचं, आणि २४ मे २०१६ला ते जाहीर केलं गेलं.

हा आजार काय आहे ते थोडक्यात सांगते. मेंदूत विचार-हालचालींचे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचं पोषण करणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी असतात. या आधार देणाऱ्या पेशींपासून उद्भवणारा सर्वांत आक्रमक कॅन्सर म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. तो गाठीसारखा एका जागी आटोपशीर बसत नाही. हरळीच्या मुळ्या जमिनीत पसराव्यात तसे त्याचे धागे निरोगी मेंदूत शिरलेले असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेने दिसणारा भाग काढला तरी काही पेशी उरतातच आणि तो परत येतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी हे सगळं करूनही बहुतेक रुग्णांच्या हातात साधारण वर्ष-दीड वर्ष असतं. डाउनीची गाठ डाव्या बाजूच्या टेम्पोरल लोबमध्ये होती, म्हणजे कानशिलामागच्या भागात. शब्द आणि आठवणी यांचं काम मोठ्या प्रमाणात तिथे चालतं. ज्याचं आयुष्य शब्दांवर उभं, त्याच्या नेमक्या त्याच जागी घाव.

आणि अशा अवस्थेत त्याने दौरा करायचं ठरवलं. व्हिक्टोरियापासून किंग्स्टनपर्यंत पंधरा कार्यक्रम, २२ जुलै ते २० ऑगस्ट २०१६. स्वतःच लिहिलेली गाणी त्याला पुन्हा शिकावी लागली. मंचावर जागोजागी शब्द दाखवणारे पडदे लावले होते. दर कार्यक्रमाआधी तो आपल्या चौघा मित्रांना एकेकाला जवळ घेऊन ओठांवर चुंबन द्यायचा. बत्तीस वर्षांच्या सोबतीनंतर.

तिकिटांवरून मोठा संताप झाला. संगणकी प्रोग्राम वापरून दलालांनी भराभर तिकिटं उचलली आणि ती अवाच्या सवा भावाने विकायला काढली. ज्यांनी तीस वर्षं या बँडवर प्रेम केलं ते बाहेर राहिले. या संतापाचा एक चांगला परिणाम झाला. ऑन्टारिओ सरकारने २०१७मध्ये तिकीटविक्रीचा नवा कायदा केला आणि अशा प्रोग्रामांवर बंदी घातली. शेवटचा कार्यक्रम सगळ्यांना फुकट बघता यावा असा आग्रहही वाढला, आणि मग गल्लोगल्ली चादरी बांधल्या गेल्या. किंग्स्टनच्या चौकातच हजारो लोक जमले होते.

त्या रात्रीचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. 'ग्रेस, टू' गाण्याचा शेवट. डाउनी ओरडायला लागतो. गाण्यातला नेहमीचा आरोळीचा भाग आहे तो, पण यावेळी आवाज फाटतो, चेहरा पिळवटतो आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. बँड वाजवत राहतो. तो थांबत नाही, रडत रडत ओरडत राहतो. आमच्या गल्लीत त्या क्षणी गाणं थांबलं. नुसता प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता.

शेवटच्या रात्री त्याने काय मागितलं

पंतप्रधान जस्टिन ट्रुडो त्या सभागृहात बसलेले होते. डाउनीने मंचावरून त्यांना थेट उद्देशून उत्तरेकडच्या आदिवासींचा विषय काढला. त्या लोकांकडे दुर्लक्ष करायचं, त्यांच्याबद्दल काहीच ऐकायचं नाही असं वळण आपल्याला जन्मभर लावलं गेलं आहे, आणि हे आता दुरुस्त करायला हवं, असं तो म्हणाला. आपल्यावर खिळलेल्या कोट्यवधी डोळ्यांचा उपयोग त्याने यासाठी केला. माझ्या लेखी हा त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण आहे.

कॅनडात शंभर वर्षांहून अधिक काळ आदिवासी मुलांना घरातून उचलून सरकारच्या पैशावर चर्च चालवत असलेल्या निवासी शाळांत ठेवलं जात होतं. केस कापायचे, मातृभाषा बोलली की मार, नावंसुद्धा बदलायची. सुमारे दीड लाख मुलं यातून गेली, हजारो परत आलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे हिपची गाणी घरोघर वाजत असताना.

चॅनी वेनजॅक हा अनिशिनाबे समाजातला बारा वर्षांचा मुलगा. शाळेने त्याचं नाव 'चार्ली' करून टाकलं होतं. १९६६च्या ऑक्टोबरमध्ये तो केनोराजवळच्या शाळेतून पळाला आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेने घराकडे चालायला लागला. घर सुमारे सहाशे किलोमीटरवर. ते किती लांब आहे याची त्याला कल्पना नव्हती. अंगात पातळ जॅकेट, खिशात काचेच्या छोट्या बरणीत जपून ठेवलेल्या काडेपेटीच्या काही काड्या. थंडीने तो रुळांशेजारीच मेला.

ही गोष्ट डाउनीला त्याचा भाऊ माइक याने सांगितली. त्यावर त्याने दहा गाणी केली, जेफ लेमायर या चित्रकथाकाराने चित्रं काढली आणि 'सीक्रेट पाथ' या नावाने अल्बम, चित्रकथा आणि फिल्म ऑक्टोबर २०१६मध्ये आली. चॅनीच्या मृत्यूला तेव्हा पन्नास वर्षं होत होती. गोऱ्या गायकाने ही गोष्ट सांगावी का, आदिवासी लेखक-कलावंत हेच किती वर्षं सांगत आले तेव्हा ते कुणी ऐकलं, असे प्रश्न विचारले गेले आणि ते रास्त आहेत. पण चॅनीच्या बहिणींना सोबत घेऊन, त्यांच्या घरी जाऊन डाउनीने हे काम केलं, आणि दोन्ही कुटुंबांनी मिळून उभारलेला निधी आजही शाळाशाळांतून हा इतिहास पोचवतो आहे. डिसेंबर २०१६मध्ये आदिवासी प्रमुखांच्या सभेत त्याच्या खांद्यावर ताऱ्यांच्या नक्षीची घोंगडी पांघरली आणि त्याला लकोटा भाषेतलं नाव दिलं: विचापी ओमानी. अर्थ, ताऱ्यांमधून चालणारा माणूस. तो भर सभेत रडला.

१७ ऑक्टोबर २०१७ला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो गेला. दहा दिवसांनी त्याचा शेवटचा अल्बम आला, 'इंट्रोड्यूस यरसेल्फ'. तेवीस गाणी, प्रत्येक गाणं त्याच्या आयुष्यातल्या एकेका माणसाला. माणसांची नावं विसरायला लागलेल्या माणसाने केलेलं हे काम. त्यात 'बेडटाइम' नावाचं एक गाणं आहे. पियानोचे मोजके सूर आणि एक बाप. मांडीवरचं बाळ झोपलं असं वाटतं, तो ते अलगद पाळण्यात ठेवतो, श्वास रोखून दाराकडे निघतो आणि पायाखालची फळी करकरते. बाळ जागं होतं. तो परत फिरतो, उचलून घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून झोपवायला लागतो.